हब्बतुस्सौदा : काळे जिरे की कलौंजी?

प्रश्न : युनानी औषधांवरील एका मराठी पुस्तिकेत ‘हब्बतुस्सौदा’ या अरबी शब्दासाठी ‘काळे जिरे’ हा प्रतिशब्द योजलेला आढळला. तो योग्य आहे का?

उत्तर : शब्दशः पाहिल्यास तो चुकीचा वाटत नाही, औषधाच्या पुस्तकात मात्र तो वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. अरबीत ‘हब्बा’ म्हणजे दाणा, आणि ‘सौदा’ हे ‘अस्वद’, म्हणजे काळा, या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. काबागृहातील ‘हजरे अस्वद’ (काळा दगड) या नावात तेच विशेषण पुल्लिंगी रूपात येते. (युनानी वैद्यकात शरीरातील चार द्रवांपैकी काळ्या पित्तालाही ‘सौदा’ म्हणतात.)

या दाण्यात ‘साम’ वगळता प्रत्येक रोगावर उपाय आहे, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहात आहे. या शब्दाची चर्चा त्या हदीसच्या सोबतच सुरू झालेली दिसते, कारण ती सांगणाऱ्यांपैकी एक, इब्न शिहाब, यांचा खुलासाही तेथेच नोंदलेला आहे : ‘साम’ म्हणजे मृत्यू आणि काळा दाणा म्हणजे ‘शूनीज’. शूनीज हे फारसीतून अरबीत आलेले कलौंजीचे नाव. काहींनी हा दाणा म्हणजे मोहरी असेही म्हटले, परंतु कलौंजी हाच अर्थ रूढ झाला. ‘प्रत्येक रोग’ हे शब्दही खत्ताबींसारख्या हदीसच्या भाष्यकारांनी मर्यादित अर्थाने, म्हणजे थंड आणि ओलसर प्रकृतीच्या विकारांपुरते घेतले. युनानी हकीम कलौंजीला ‘गर्म-खुश्क’, म्हणजे उष्ण आणि कोरडी, मानतात, त्याच्याशी हे जुळते.

खरी अडचण मराठीत आहे. बंगालीत ‘कालो जिरा’ म्हणजे कलौंजीच. आपल्याकडे मात्र ‘काळे जिरे’ म्हटल्यावर कोणी शहाजिरे समजतो, तर कोणी कडू जिरे. शहाजिरे हा बिर्याणीचा मसाला, म्हणून तेथे चूक झाली तर फार बिघडत नाही. पण कडू जिरे हे जंतांवर दिले जाणारे, अतिशय कडू आणि सर्वस्वी वेगळे औषध आहे. त्यात चटणीचे कारळेही काळेच! ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात जीरक, कृष्णजीरक आणि कालाजाजी असे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत, आणि त्यांतील कालाजाजी, म्हणजेच उपकुंचिका, ही कलौंजी होय.

प्रश्न : आमच्याकडे कलौंजीला ‘कांद्याचे बी’ म्हणतात. ते चालेल का?

उत्तर : नाही. दोन्ही बिया काळ्या आणि कोनदार असल्यामुळे हे नाव पडले असावे, पण कलौंजीचे झाड कांद्याच्या कुळातले नाही. दाणा चोळून पाहावा : कलौंजीला उग्र, ओव्याकडे झुकणारा वास येतो. पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत ‘हब्बतुस्सौदा : कलौंजी, उपकुंचिका’ एवढीच नोंद ठेवावी आणि ‘काळे जिरे’ हे शब्द तेथून पूर्णपणे काढावेत.