बारावं-तेरावं झालं, पाहुणे गेले. आता आईला कसं सांभाळायचं?

अंत्रुजकर

वडील श्रावणात गेले. वय 71, झोपेतच हृदय बंद पडलं. दिवसकार्य पार पडलं, पाहुणे आपापल्या गावी गेले. घरात आता आई, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. आईचं वय 66, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

आई दिवसभर सोप्यावर बसून असते. दोन चमचे पेज घेऊन उठते. रात्री दोनला जागी होते आणि म्हणते, बाबांच्या चपलांचा आवाज आला. मावशीने स्वतःच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी देऊन ठेवली आहे, ती द्यावी का? मुलगा रोज विचारतो, आजोबा कधी येणार. वाड्यावर सगळे सांगतात, वेळ जाऊ दे, आपोआप बरं होईल. खरंच नुसतं थांबायचं? डॉक्टरकडे कधी न्यायचं? चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय. कपाट, फोन, बँक सगळं तसंच पडलंय. आधी कशाला हात घालू?

समुपदेशक_तिसवाडी

आधी गोळ्या. ती पट्टी मावशींना परत करा. अशा पट्टीत बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असतं. या वयात त्याने रात्री तोल जातो, न्हाणीघराच्या वाटेवर पडून खुब्याचं हाड मोडतं. काही आठवड्यांत सवय लागते, आणि दुःख होतं तिथेच राहतं. मात्र आईंनी त्या आधीच दोन-तीन आठवडे रोज घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

चपलांचा आवाज: घाबरू नका. गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, हाक ऐकू येणं, नेहमीच्या खुर्चीत क्षणभर दिसणं हे जोडीदार गमावलेल्यांत फार सर्रास आढळतं. वेड लागल्याचं ते लक्षण नाही. “भास आहे, सोडून दे” म्हणू नका, “रोज याच वेळी उठायचे का बाबा?” असं विचारलंत तर त्या बोलतील. आवाज आज्ञा देऊ लागला, “माझ्याकडे ये” म्हणू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

आता “वेळ जाऊ दे”. नुसत्या वेळेने काही होत नाही, त्या वेळेत माणूस काय करतो त्यावर सगळं असतं. पहिल्या तेरा दिवसांत विधी घराला धरून ठेवतात: दिवा, पिंड, कोण कुठे बसणार, शेजारून येणारं जेवण, रात्री सोबतीला माणूस. चौदाव्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. म्हणून त्या दिवसापासून घरच्यांनी वेळापत्रक हातात घ्यायचं.

शोकावर संशोधन करणारे मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे कामाची आहे. शोकातला माणूस दोन बाजूंत हेलकावे खातो, कधी गेलेल्याच्या आठवणीत आणि कधी पुढच्या कामात. दोन्ही लागतात. फक्त रडत बसणं जितकं अडकवतं, तितकंच सतत कामात बुडवून ठेवणंही. नकार, राग, मग स्वीकार अशा पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. आई कुठल्या पायरीवर आहे हे मोजत बसू नका.

दिवस साधारण असा बांधा. उठण्याची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. ऊन चढण्याआधी वीस-तीस मिनिटं बाहेर: देवळापर्यंत, नाहीतर निदान परसातली फुलं काढायला. साडेदहाला पेज, कोणीतरी सोबत बसून. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. संध्याकाळी अर्धा तास बाबांचा: फोटो, आठवणी, रडू आलं तर रडू. त्यानंतर लगेच एखादं हातातलं काम ठरलेलं हवं, भाजी निवडणं, वाती वळणं. रात्री झोप लागेना तर वीसेक मिनिटांनी अंथरुणातून उठून मंद दिव्यात बसायचं आणि पेंग आली की परत आडवं व्हायचं. तासन्‌तास कूस बदलत राहिलं की अंथरूण आणि जागरण यांची गाठ पडते.

हे कुठे फसतं? तीन ठिकाणी. एक, “काय करशील?” असं विचारलं की उत्तर “काही नको” येतं. दोन पर्याय द्या: शेवग्याची भाजी की वालीची? दोन, प्रेमापोटी सुना-लेकी सगळी कामं काढून घेतात आणि बाईला घरात जागाच उरत नाही. एखादं काम पूर्णपणे त्यांचं ठेवा. तीन, भाताचं माप. रोजच्या मापातून एक मूठ कमी करायचा क्षण फार वाईट असतो, तिथे हात थांबतो आणि स्वयंपाकही. पहिले काही आठवडे तांदूळ दुसऱ्या कोणी मोजावेत.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच धर्तीचं काम झालं आहे. पर्वरीच्या संगत संस्थेने तयार केलेल्या पद्धतीत डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत छोटी-छोटी कामं ठरवून देत, पुढच्या भेटीत ती झाली का ते बघत. त्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक चांगला पडला. शोक म्हणजे नैराश्य नव्हे, पण “मन लागलं की काम करीन” याऐवजी “काम केलं की थोडं मन लागेल” हा क्रम दोन्हीकडे उपयोगी पडतो.

परिचारिका_म्हापसा

वरच्या उत्तरात शरीर राहिलं. मधुमेह आहे आणि खाणं दोन चमचे पेज, याची मला जास्त काळजी वाटते.

गोळ्यांची नावं बघा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोटात काही नसेल तर साखर धोकादायक खाली जाते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. खाणं वाढेपर्यंत डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. दिवसकार्यानंतर कोणी “वर्षभर सोमवार धरेन” म्हणालं तर तेही या कारणासाठी अडवा.

रक्तदाबाची गोळी एकही चुकू नये. पूर्वी ती आठवण कोण करायचं? बहुधा बाबा. ते काम आता कोणाच्या तरी नावावर लिहून टाका.

छातीत दुखलं, दम लागला, तर “दुःखाने होतंय” म्हणून थांबू नका, 108 ला फोन करा. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या दिवसांत हृदयविकाराचा धोका खरंच वाढतो. शिवाय ताकोत्सुबो नावाचा एक प्रकार आहे, जपानमध्ये 1990 मध्ये वर्णन झालेला. मोठ्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होतो, आणि पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. सुरुवातीच्या ईसीजीत तो हार्ट अटॅकसारखाच दिसू शकतो, त्यामुळे घरी बसून फरक कळणं शक्य नाही.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, लिहून ठेवायचं. 60 किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत 3 किलो उतरलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

समुपदेशक_तिसवाडी

धन्यवाद, हे हवंच होतं. मनाच्या डॉक्टरकडे कधी, तेही सांगतो.

ताबडतोब: “मला जगायचं नाही”, सामान वाटून टाकणं, औषधं साठवणं. थेट विचारा, “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. “मलाही त्यांच्याकडे घेऊन जा देवा” हे पुष्कळजण म्हणतात, पण तेही विचारूनच खात्री करा. कुळागर-भाट (बागायत) असेल तर कीटकनाशकं कुलुपात, आणि बाबांच्या उरलेल्या गोळ्या घराबाहेर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास. प्रत्यक्ष जायचं तर बांबोळीची मनोविकार संस्था, आयपीएचबी.

दोन-तीन आठवड्यांत: दुःख लाटांसारखं न येता दिवसभर एकसारखं जड, कशातच रस नाही, आणि “मीच वाईट, माझ्यामुळे गेले” अशी स्वतःबद्दलची भाषा. शोकात माणूस गेलेल्यासाठी झुरतो. नैराश्यात स्वतःलाच निकामी समजू लागतो.

सहा महिने ते वर्ष: झुरणं रोजचंच, सुरुवातीइतकंच तीव्र, गेलेत यावर विश्वासच नाही, आठवण टाळण्यासाठी ठराविक खोलीत पाऊल नाही, आयुष्य निरर्थक. याला प्रदीर्घ शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मुदत किमान सहा महिने, अमेरिकन वर्गीकरणात 2022 पासून मोठ्यांसाठी बारा आणि मुलांसाठी सहा. यावर त्यासाठीच बेतलेली संभाषण-उपचार पद्धत आहे, साधारण सोळा भेटींची. 2016 च्या एका चाचणीत नैराश्याची गोळी नुसती दिल्याने शोक हलला नाही. त्या उपचाराने हलला. म्हणून सहा महिन्यांनी कोणी फक्त चिठ्ठी लिहून दिली तर “समुपदेशन कोण करेल?” हे विचाराच.

मास्तर_डिचोली

मुलाचं. “देवाघरी गेले” म्हटलं की सात वर्षांचं मूल घराचा पत्ता विचारतं आणि परतीची तारीखही. “झोपेत गेले” तर मुळीच नको, रात्री डोळे मिटायला घाबरेल. सरळ सांगा: आजोबा मेले. त्यांचं हृदय चालायचं थांबलं, डॉक्टरांना ते पुन्हा चालू करता येत नाही, आता ते परत येणार नाहीत. मग देवाघरचं काय ते तुमच्या श्रद्धेप्रमाणे.

या वयात मुलं न विचारता तीन गोष्टी मनात धरतात: माझ्यामुळे झालं का, तू पण मरशील का, मला कोण बघणार. विचारलं नाही तरी तिन्हींची उत्तरं द्या. पाच मिनिटं रडून खेळायला पळालं तर त्याला काही वाटत नाही असं समजू नका, मुलं असंच करतात. काही आठवडे अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं चालतं. वर्गशिक्षिकेला आजच कळवा. “माझे आजोबा” हा निबंध कधीही फळ्यावर येऊ शकतो.

नोटरीचा_कारकून

कागद. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, आणि मृत्यू *जिथे झाला* तिथल्या निबंधकाकडे. घरी झाला तर तुमची पंचायत. इस्पितळात झाला असता तर तिकडचं. 30 दिवसांनंतर लेखी परवानगी लागते, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्याच्या दहा प्रती काढा. त्यावरचं नाव आधार, पासबुक आणि एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्याशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. आडनाव एका ठिकाणी गावकर आणि दुसरीकडे नाईक गावकर असेल तर आत्ताच दुरुस्ती करून घ्या, पुढे प्रत्येक खिडकीवर तेच अडतं.

बाबांचं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रिचार्ज चालू ठेवा. पण त्यांचं एटीएम कार्ड वापरू नका, नॉमिनी असलात तरीही. बँकेत मृत्यूचा दाखला आणि दाव्याचा अर्ज द्या. सर्व कागद पुरे झाल्यावर 15 दिवसांत निकाली काढायचा नियम आहे. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, वारस वेगळे.

गोव्यात लग्नानंतर सामाईक मालमत्तेचा नियम सहसा लागू असतो, म्हणजे अर्धा हिस्सा आईचा आधीपासूनच, वारसा फक्त उरलेल्या अर्ध्याचा. उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा 2012 चा कायदा याला लागतो. वारसदाखल्याचा दस्त उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरीसमोर होतो. घाई नको. तेराव्याच्या पंगतीतच बहिणींकडून हक्कसोडीवर सही मागायची रीत काही घरांत आहे. दुःखात केलेली सही पुढे कोर्टात भांडण होऊन येते. सहा महिने काहीही बिघडत नाही.

कुळागरवाली

चवथीबद्दल माझं मत इतरांपेक्षा वेगळं असेल. “यंदा सण नाही” एवढ्यावर सोडू नका. मूर्ती आणायची की भाऊबंदांकडे पूजा करायची हे भटजी आणि घराणं ठरवील. पण तो *दिवस* कसा घालवायचा हे आईंना आठ दिवस आधी विचारून ठरवा. माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायचा पाट) बाबा बांधायचे असतील तर रिकाम्या पाटावर दुपारभर नजर जाणार. कोणी कुठे जेवायचं, कोण यायचं, कोणी यायचं नाही, सगळं आधीच. अनंत चतुर्दशीनंतर लगेच म्हाळ (पितृपक्षातली श्राद्धं) येतात, पहिल्या वर्षीचा नियमही आत्ताच विचारून ठेवा.

आणखी एक. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यांचं काय करायचं ते आईंनाच ठरवू द्या, काकूंना नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांवरच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे धर्म बुडत नाही.

अंत्रुजकर

सगळ्यांचे आभार. पट्टी परत केली. गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे, उद्याच डॉक्टरांकडे जातो. कपाटाचं राहिलं: मावशी म्हणते कपडे लगेच वाटून टाका. आणि बाबांच्या आवाजातले व्हॉट्सअ‍ॅप संदेश त्यांच्या फोनवर आहेत.

कुळागरवाली

कपडे लगेच वाटू नका. परत आणता येत नाहीत. तीन ढीग: नक्की ठेवायचे, नक्की द्यायचे, ठरत नाही. तिसरा ढीग मोठाच असणार, तो सहा महिन्यांनी पुन्हा उघडा. फक्त आपला पाऊस लक्षात घ्या, बंद कपाटात भाद्रपद संपेपर्यंत बुरशी येते. कोरडं ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून वाळवा, मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आईंना वासासाठी एखादा सदरा न धुता हवा असेल तर तो वेगळ्या पिशवीत, हवा काढून.

फ्रेममधला फोटो दमटपणाने काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.

आवाज आधी वाचवा. बाबांच्या फोनवरून प्रत्येक चॅट माध्यमांसह एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप खातं 120 दिवस वापरलं नाही तर सहसा पुसलं जातं, आणि नंबर बंद पडून दुसऱ्या कोणाला गेला तर तुमच्या यादीत बाबांच्या नावापुढे अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. बँकेचं काम संपल्यावर सिम बंद करण्याआधी त्यांचं खातं फोनमधून हटवा, सगळ्या गटांतून बाहेर काढा, मगच.