शब्दचर्चा: कॉन्ट्रास्ट पाण्यातून ‘निवळतो’ का?

पंचवटीकर: शाळेच्या अंकासाठी लेख लिहितोय. वाक्य असं आहे: ‘सिटीस्कॅनचा डाय मिसळलेलं सांडपाणी निवळून घेतात.’ डाय म्हणजे स्कॅनच्या वेळी देतात ते औषध, कॉन्ट्रास्ट. आई म्हणते, निवळतं ते गढूळ पाणी. यात दिसायला काहीच नाही, मग निवळणार काय? शिवाय डायला ‘रंग’ म्हणू का?

सिटीस्कॅनवाली: रंग अजिबात नको. पेशंट विचारतात, “ताई, लघवी निळी होईल का हो?” औषध पाण्यासारखं रंगहीन असतं. सिटीच्या औषधात आयोडीन, ते क्ष-किरण अडवतं. एमआरआयला गॅडोलिनियम. मूत्रपिंडं चांगली असतील तर बहुतेक सगळं २४ तासांत जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर. आम्ही आपसात ‘कॉन्ट्रास्ट दिला’ म्हणतो, तेच लिहा.

जुना पाणीवाला: आईचं बरोबर आहे. पूर्वी पावसाळ्यात गोदेचं पाणी हंड्यात भरलं की आत निवळीचं बी उगाळायचे किंवा तुरटी फिरवायचे. मातीचे बारीक कण एकमेकांना धरून तळाला बसायचे, वर राहायचं ते निवळलेलं. आयोहेक्सॉल, म्हणजे सिटीचं एक आयोडीनवालं औषध, पाण्यात विरघळलेलं असतं, तळाला बसत नाही. गाळूनही उपयोग नाही, ते फडक्यातून पाण्याबरोबरच जातं.

विरघळलेलं काढायला पाण्यात कोळशाची भुकटी वापरतात, तिने जे होतं त्याला परिभाषेत ‘अधिशोषण’ म्हणतात. रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतो. स्पंज पाणी आत घेतो ते अवशोषण. वर्तमानपत्रं दोन्हींना ‘शोषण’ म्हणून मोकळी होतात! पण ही औषधं पाण्यात रमणारी, कोळशालाही फारशी दाद देत नाहीत. ओझोनने काहींचं विघटन होतं, पण तुकडे उरतात, म्हणून ‘नष्ट’ लिहू नका. आरओच्या पडद्याने ती अडतात, मात्र पडद्याच्या अलीकडे उरलेल्या, टाकून द्यायच्या पाण्यात साठतात.

सिटीस्कॅनवाली: काका, बेरियम विसरलात. पोटाच्या एक्स-रेला पाजतात ते पांढरं. बेरियम सल्फेट पाण्यात विरघळतच नाही, तळाला बसतं. त्याला ‘निवळणं’ चालेल की!

जुना पाणीवाला: चालेल, झकास.

पंचवटीकर: मग आयोडीनच्या औषधाला काय? ‘काढणे’?

जुना पाणीवाला: ‘वेगळं करणे’ बरं. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये तपासणीनंतर रुग्णांना लघवीच्या पिशव्या देऊन पाहिल्या आहेत, म्हणजे औषध गटारात जातच नाही. तिथे मी ‘अडवणे’ लिहीन.

पंचवटीकर: आईला वाचून दाखवलं. ‘अधिशोषण’ तिला शिवी वाटली. मी ‘कोळशाला चिकटवून’ लिहिलंय.