मदत हवी आहे: आईची पिट्युटरीची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, किती थांबायचं?

२६ एप्रिल २०२१

आई ६१ वर्षांची, आम्ही साताऱ्याचे. फेब्रुवारीत चहा गाळताना धार कपाच्या बाहेर जायला लागली, येता-जाता दाराच्या चौकटीला खांदा घासायचा. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मीच महिना घालवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट (कडेची नजर किती शाबूत आहे याची तपासणी) केली आणि लगेच एमआरआय सांगितला. पिट्युटरीवर, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवर, २६ मिमीची गाठ, डोळ्यांच्या नसांना खालून दाबतेय. प्रोलॅक्टिन (या ग्रंथीचं एक संप्रेरक) वाढलेलं नाही, त्यामुळे गोळ्यांनी आकसणारी ही गाठ नव्हे. पुण्यातल्या एका रुग्णालयात नाकातून दुर्बिणीने काढायचं ठरलं, १९ तारीख मिळाली.

१७ला फोन: "सध्या फक्त इमर्जन्सी." आयसीयू कोविडला दिलंय, भूलतज्ज्ञही तिकडेच. राग नाही, आमच्याच गल्लीत दोघांना बेड मिळाला नाही. डोक्याला मार लागून रक्तस्राव झालेला माणूस आधी जाणार, हेही कळतं. पण जिची कडेची नजर थोडी थोडी जातेय, ती कुठल्या रांगेत? आणि २२पासून जिल्ह्याबाहेर जायचे निर्बंध. कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद

मी न्यूरोसर्जरीला भूल देते. फाइल पाहिलेली नाही, म्हणून ढोबळच सांगते. मेंदूवर दाबणारा रक्तस्राव, डोक्यात तुंबलेलं पाणी, मणक्यात नसा दबून लघवी अडलेली, हे त्याच दिवशी. जुनी सायटिका किंवा वर्षानुवर्षं तेवढाच असलेला मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची, सहसा हळू वाढणारी गाठ) थांबतो. तुमची आई मधल्या रांगेत, आणि ही रांग तपासणीच्या कागदावर सरकते. फील्ड टेस्ट पुन्हा करा, फेब्रुवारीच्या चार्टशेजारी ठेवून फोटो सर्जनना पाठवा. नजर घसरलेली दिसली तर "बघा ना काहीतरी" अशा दहा फोनांपेक्षा तो एक फोटो भारी.

नाकात ड्रिल करताना उडणाऱ्या तुषारांच्या भीतीने गेल्या वर्षी आम्ही हीच शस्त्रक्रिया टाळत होतो. आता आरटी-पीसीआर निगेटिव्ह असेल तर पीपीई घालून करतो. बेडचं विचारताना नेमकं विचारा. नंतर व्हेंटिलेटर सहसा लागत नाही, पण लघवी किती होतेय आणि सोडियम किती यावर रात्रभर नजर ठेवणारी जागा लागते. नॉन-कोविड एचडीयूत (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा कक्ष) ती मिळू शकते.

सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारं संप्रेरक, पिट्युटरी दबली तर कमी पडू शकतं) तपासलंय का? आणि अचानक डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसायला लागले, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा तारीख-बिरीख विसरा, सरळ कॅज्युअल्टीला न्या.

धागाकर्ती

खूप आभार, ताई. कॉर्टिसॉल कमी आलं होतं, त्याची भरपाई म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत. "आता बरं वाटतंय" म्हणत परवा तिने दुपारची गोळी चुकवली, आता डबी माझ्याकडे. फील्ड टेस्ट उद्या ११ वाजता, इथेच साताऱ्यात. चार्ट हातात आला की सर्जनना पाठवते आणि काय म्हणतात ते इथे टाकते.