भाचा आईस हॉकीच्या नादाला लागलाय, आण्णांनी पैसे पाठवावेत का?

हळदपेढी सांगली:
नमस्कार मंडळी. ताई आणि दाजी कॅनडात सरेला असतात, व्हँकुव्हरला लागूनच. भाचा १३ वर्षांचा, बर्फावरची हॉकी खेळतो आणि आता म्हणतो प्रोफेशनलच व्हायचं. रिंकची फी, किट, बाहेरगावच्या टुर्नामेंट, हॉटेल, सगळं आपल्याच खिशातनं, स्टिक मोडली की दाजींचं तोंड बघण्यासारखं होतं म्हणे. ताईनं आण्णांकडं पैशाचा विषय काढलाय, आण्णा यार्डातल्या पेढीवर बसून मला विचारतात ह्यात पुढं पोट भरतंय का. आम्ही सांगलीत बर्फ बघितला तो उसाच्या रसातला, मी काय सांगणार? माहितगारांनी खरंखरं सांगा राव.

कऱ्हाडचा पैलवान:
पाठवा की, विचार कसला करताय. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ ला हेलसिंकीला लोकांच्या वर्गणीवरच गेले ना? ब्राँझ आणलं.

सातारी सध्या सरे:
पैलवान, ती वर्गणी ऑलिंपिकला जायची वेळ आल्यावर निघाली, तेराव्या वर्षी नाही 😄

मी मूळ शाहूपुरीचा, आता इथं सरेतच असतो. एनएचएल म्हणजे इथली सगळ्यात वरची प्रोफेशनल लीग, तिच्या टीम ३२, ड्राफ्ट (टीमनी नवी पोरं निवडायची पद्धत) ७ राऊंडचा, म्हणजे अख्ख्या जगातनं वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास पोरं, आणि त्यातली कितीतरी एनएचएलची एक मॅचपण न खेळता संपतात. आता आमच्या सरेचाच अर्शदीप बेन्स बघा, त्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही, रेड डिअरच्या टीमकडनं ज्युनियर खेळताना २०२१-२२ ला सगळ्या लीगमध्ये जास्त म्हणजे ११२ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेली मदत मिळून) काढले तेव्हा कुठं एनएचएलमधल्या व्हँकुव्हर कनक्सनं साइन केलं, एनएचएलची पहिली मॅच मिळाली फेब्रुवारी २०२४ ला, आणि तरी खाली कनक्सच्याच ॲबट्सफर्डच्या दुय्यम टीमला ये-जा चालूच राहिली. खरं करिअर हे असं असतं. टू-वे कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, जितके दिवस वरच्या टीमबरोबर तितक्याच दिवसांचा वरचा पगार, खाली धाडलं की खालचा. वरचा किमान पगार २०२५-२६ ला ७ लाख ७५ हजार डॉलर, खालचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

पण ताईला एक विचारा, डब्ल्यूएचएलचं काय ठरवलंय? बेन्स खेळला त्याच ह्या ज्युनियर लीगमध्ये एक सीझन खेळला की एका वर्षाची कॉलेज फी लीग भरते. पूर्वी तिथं खेळलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, २०२५-२६ पासनं तेही उघडलंय. मी आण्णांच्या जागी असतो तर एनएचएल विसरून ह्या फीच्या हिशोबानं पैसे घातले असते, तेही वर्षावर्षानं. एकदम नाही.

मिरजेची फिजिओ:
पैशाचं झालं, अंगाचं कोण बोलणार? कॅनडात पोरं १३-१४ ची झाली की अंगावर आदळून खेळायची परवानगी मिळते, म्हणजे तुमच्या भाच्याचं आत्ताच सुरू होणार. त्या वयात एक पोरगं मिसरूड फुटलेलं आणि दुसरं अजून काडीपैलवान, दोघं एकाच बर्फावर. डोक्याला मार लागला आणि पोरगं गरगरतंय म्हणालं की खेळ बंद, कोच काही म्हणू दे. कनक्सचा खेळाडू मॅनी मल्होत्रा, त्याला २०११ ला पक (खेळायची रबरी चकती) डोळ्यावर बसला, नजर कायमची अधू झाली. त्याच वर्षी एनएचएलच्या फायनलमध्ये खेळला तो, पण दोन वर्षांत कनक्सनं त्याच कारणानं बसवला. पुढं कोच झाला आणि २०२५ ला ॲबट्सफर्डनं त्याच्याच हाताखाली खालच्या लीगचा काल्डर कप जिंकला. सगळ्यांना असं जमत नाही, म्हणून शाळा सोडू देऊ नका.

हळदपेढी सांगली:
लय उपकार झाले. फीचं आण्णांना वाचून दाखवलं, म्हणाले हे कळतंय मला. पण काल रात्री ताईचा फोन, भाच्याला आता गोलकीपर व्हायचंय. त्यानं काय फरक पडतो का?

सातारी सध्या सरे:
पडतो की! त्याचं पॅड, ग्लव्ह, मास्क सगळं वेगळं आणि सगळ्यात महाग, शिवाय टीमला गोली दोनच लागतात, त्यातला एक बाकावर. आण्णांना आधी चहा पाजा मग सांगा.