स्मरणिकेचे मुखपृष्ठ आणि 'साभार : इंटरनेट'

चिटणीस, लालबाग

सप्रेम नमस्कार. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आम्ही गेटवे ऑफ इंडियाचे तिन्हीसांजेचे एक छायाचित्र छापले. ते गुगलवर मिळाले होते. उजव्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव बारीक अक्षरांत होते. परंतु मंडळाचे बोधचिन्ह नेमके तेथेच बसवायचे असल्याने तेवढी पट्टी कापली गेली. आतल्या पानावर 'साभार : इंटरनेट' असे आम्ही आवर्जून छापले आहे. आता त्या छायाचित्रकाराने पंधरा हजार रुपये मागितले आहेत. मंडळ धर्मादाय संस्था आहे, अंक फुकट वाटला जातो आणि गेटवे तर सर्वांचाच आहे. तरीही हे पैसे देणे लागतो का?

वकील, फोर्ट

चिटणीस महोदय, गेटवे सर्वांचा आहे, हे छायाचित्र मात्र नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे वास्तूचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. म्हणजे आपल्यापैकी कोणी अपोलो बंदरावर उभे राहून मोबाइलवर टिपले असते, तर प्रश्नच उद्भवला नसता. दुसऱ्याने टिपलेल्या छायाचित्रावर मात्र त्याचा स्वतंत्र हक्क असतो, तो छायाचित्र काढताक्षणीच निर्माण होतो आणि त्यासाठी नोंदणीची गरज नसते.

खाजगी अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी कायद्याने न्याय्य वापराची मुभा ठेवली आहे. सजावटीसाठी घेतलेले मुखपृष्ठ यांपैकी कशातच बसत नाही. अंक फुकट असला तरी त्यात जाहिराती असणारच, हेही समोरचा वकील पहिल्याच पत्रात लिहील. 'साभार' म्हणजे आभार. ती परवानगी नव्हे, आणि येथे तर आभार कोणाचे हेही लिहिलेले नाही.

मला अधिक चिंता वाटते ती कापलेल्या पट्टीची. कर्त्याचे नाव जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मूळ हक्कभंगाला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते. घाबरविण्यासाठी हे लिहीत नाही, पण वाद घालू नये. फोन करून दिलगिरी व्यक्त करावी, रक्कम ठरवावी आणि छापलेल्या सर्व प्रतींना परवानगी असल्याचे लेखी घ्यावे. फेसबुकवर अंकाची पीडीएफ असल्यास ती आजच काढावी.

छायाचित्रकार, दादर

गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या रात्री कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून भिजत काढलेले माझे छायाचित्र पुढच्या वर्षी एका नाक्यावरील फ्लेक्सवर, नगरसेवकपदाच्या इच्छुकाच्या डोक्यामागे मला दिसले होते. विचारले असते, तर मंडळाला मी ते फुकटही दिले असते. पैसे मागणाऱ्या त्या गृहस्थांशी आधी माणसासारखे बोला; रक्कम बहुधा खाली येईल.

डीटीपी व छपाई, लोअर परळ

आमच्याकडे येणाऱ्या दहा कामांपैकी आठांतील चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली असतात, हे मान्य करतो. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या संकेतस्थळावर परवाना चित्राखालीच लिहिलेला असतो. नाव छापण्याची अट असेल, तर नाव छापावे, आणि 'अव्यापारी' अट असेल, तर जाहिरातींच्या अंकात ते चित्र टाळलेलेच बरे. देवादिकांची चित्रे हवी असतील, तर राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत १९६६ अखेर संपली आहे.

चिटणीस, लालबाग

सर्वांचे आभार. पीडीएफ काढली, त्या गृहस्थांशी उद्या बोलतो. पुढील वर्षी मुखपृष्ठावर आमच्याच मूर्तीचे छायाचित्र घेऊ. ते आमचा कार्यकर्ता विनामोबदला काढतो. त्यात तरी अडचण नाही ना?

वकील, फोर्ट

दोन आहेत. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जातो. विनामोबदला काढलेल्याचा मात्र कार्यकर्त्याकडेच राहतो, म्हणून त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात. शिवाय शिल्पाच्या छायाचित्राची सवलत सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांनाच आहे, आणि आपली मूर्ती तर अनंत चतुर्दशीला विसर्जित होते. मूर्तिकाराला बयाणा द्याल, त्याच पावतीवर छपाईची परवानगी नोंदवून घ्या.