मदत हवी आहे: जुना फोन चालवत राहावा की बदलावा?

नमस्कार मंडळी,

माझा फोन पाच वर्षांचा झालाय. स्क्रीनवर साधा ओरखडा नाही, पण बॅटरी दुपारीच मान टाकते आणि सुरक्षा अपडेट येणंही बंद झालंय. बॅटरी बदलायला गेले तर दुकानदार म्हणाला, "कशाला यात पैसे घालता, नवीनच घ्या." घरातही तेच ऐकतेय.

मला मात्र पटत नाही. फोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो वापरताना नव्हे, तर तयार होतानाच झालेला असतो. म्हणजे आहे तोच आणखी दोन-तीन वर्षं चालवणं हे माझ्या हातातलं सगळ्यात मोठं काम. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. आधीचे दोन फोन माझ्याच कपाटात पडून आहेत, हेही मनाला लागतं.

अडलंय ते इथे: अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवणं कितपत धोक्याचं? ते ॲप काढून फोन बाकी कामांना वापरणारं कुणी आहे का? बाहेरून बसवलेली बॅटरी चांगली आहे हे कसं ओळखायचं? आणि बदलणं भागच पडलं, तर रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला) फोन घेताना नेमकं काय तपासता?

स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. कपाटातले दोन फोन कुठे द्यावेत, तेही सांगा.