आप्पा माजी सैनिक होते: तिरंगा, मानवंदना आणि आईची पेन्शन यावर सल्ला हवा

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका)
राम राम मंडळी. आप्पा मागच्या सोमवारी गेले. वय ७७. तोफखान्यात होते, १९७१ ची लढाई बघितलेली, हवालदार म्हणून घरी आले. गुरुवारी गंधमुक्ती आहे. पाहुणे येण्याआधी दोन गोष्टी विचारून घेतो.

पहिली मनाला लागलेली. तिरडी बांधून होत आली तेव्हा गावातली पोरं पंधरा ऑगस्टच्या रॅलीचा तिरंगा घेऊन आली आणि आप्पांच्या अंगावर पांघरला. तेवढ्यात शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार पोचले. कुणाला काही न बोलता त्यांनी झेंडा उतरवला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला. मग आईने ट्रंकेतून काढलेली तीन मेडलं आप्पांच्या छातीवर ठेवली, चपला काढून सावधानमध्ये उभे राहिले आणि कडक सॅल्यूट मारला. अग्नी देण्याआधी मेडलंही काढून आईकडे दिली. आता गावात कुजबुज चालली आहे, ‘फौजीला झेंडासुद्धा मिळू दिला नाही.’ साहेबांचं बरोबर होतं का?

दुसरी, आईच्या पेन्शनची. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिचं नाव ‘सखुबाई’ आहे, आधारवर ‘शकुंतला’. माहेरचं आणि सासरचं नाव, आपल्याकडे असतंच. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_सुभेदार (धुळे)
भाऊ, आप्पांना माझा सॅल्यूट.

त्या साहेबांनी तुमच्या घरावर उपकार केलेत असं समजा. ध्वजसंहिता २००२ ची. तिच्यात स्पष्ट आहे की शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीलाच पार्थिवावर तिरंगा ठेवता येतो. खासगी अंत्यविधीला नाही, मग माणूस कितीही मोठा असो. तसं केलं तर राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा लागतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पोरांच्या मनात पाप नव्हतं, पण कुणी व्हिडिओ टाकला असता तर निस्तरायला तुम्हालाच पोलीस ठाण्यात जावं लागलं असतं. आणि जिथे झेंडा रीतसर ठेवतात तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे, आणि चितेत तो कधीच जाऊ देत नाहीत.

जवान ड्युटीवर गेला तर युनिटची तुकडी येते, शोकशस्त्र (बंदुका उलट्या धरून मानवंदना) होतं, बिगुलवर लास्ट पोस्ट वाजते, हवेत फैरी झडतात. ते टीव्हीवर बघून प्रत्येक माजी सैनिकाच्या दारात तसंच होणार असं लोक धरून चालतात. पेन्शनवर घरी आलेला माणूस वयाने गेला की ते आपोआप होत नाही. शौर्यपदक असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला ताबडतोब फोन करायचा. बाकी ठिकाणी आम्ही तालुक्यातले माजी सैनिकच जमतो. कॅप, मेडल, पुष्पचक्र, दोन मिनिटं सावधान. तुमच्या आप्पांना तेच मिळालं, आणि फौजीच्या हातून मिळालं.

तापीकाठची_लेक (चोपडा)
दादा, पेन्शनचं मी सांगते, आमच्या बाबांच्या वेळी सगळं भोगून झालंय.

सगळ्यात आधी बँक. आप्पांच्या खात्यात पुढच्या महिन्याची पेन्शन चुकून जमा झाली तर एटीएमने काढू नका. ती परत द्यावीच लागते. माझ्या भावाने दिवसकार्यासाठी काढली आणि नंतर वसुलीच्या पत्रांनी आईची झोप उडाली.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवा. मग स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, मृत्यू कळवायचा. दाखला, आईचं आधार, पॅन, पासबुक लागतं. आम्ही एका कॅफेवाल्याकडे भरलं. त्याने पैसे घेतले आणि खाते क्रमांकातला एक आकडा चुकवला. चार महिने गेले. तुम्ही थेट सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथले कल्याण संघटक फॉर्म बघून देतात.

नावाचं मात्र गंधमुक्ती झाली की लगेच धरा. दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, सोबत जुना पुरावा, आणि अर्ज आप्पांच्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे (रेकॉर्ड ऑफिस). तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. तोफखान्याचं अभिलेख कार्यालय नाशिक रोड कॅम्पला आहे, म्हणजे आपल्याला रेल्वेने सकाळी जाऊन रात्री परत. आमचे बाबा लष्कराच्या सिग्नल (संदेशवहन) दलातले, आम्हाला जबलपूर!

पारोळेकर
रकमेचं कुणी बोललंच नाही. कुटुंब निवृत्तिवेतन साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, किमान ९,००० आणि वर महागाईचा भाग. ५० टक्क्यांचा वाढीव दर निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास ७ वर्षं किंवा ते ६७ चे झाले असते तोपर्यंत, यातलं जे आधी संपेल ते. आप्पा ७७ चे, म्हणून तुम्हाला साधा दर. कुणी एजंट ५० टक्के करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

शिरपूरवाला
मधेच घुसतो. माझे काका पाच वर्षं नोकरी करून आले, पेन्शन नाही. ते गेले, काकू ७० च्या आहेत. त्यांना काहीच नाही का?

निवृत्त_सुभेदार (धुळे)
आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान. हवालदार हुद्द्यापर्यंतचे, पेन्शन नसलेले, ६५ वरचे गरजू माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना. आधी महिना ४,००० होतं, २०२५ मध्ये ८,००० केलं. काकांचं डिस्चार्ज बुक शोधा, त्याच्याशिवाय गाडी हलणार नाही. पडवीच्या माळ्यावर बघा, आमच्या लोकांचे कागद तिथेच सापडतात.

तापीकाठची_लेक (चोपडा)
आणि हो, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आईच्या नावाने करून घ्या, दवाखान्याची सोय चालू राहते. घरपट्टीची माफी माजी सैनिकाच्या विधवेलाही आहे, ग्रामपंचायतीत अर्ज द्या. आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या विस्तारित विम्याचा कागद असेल तर त्याची मुदत बाकी होती का तेही बघा.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईसोबत ट्रंक उपसली. डिस्चार्ज बुक सापडलं, वाळवीने एक कोपरा खाल्लाय पण पानं शाबूत. आत दोघांचा फोटो, मागे आप्पांच्या अक्षरात लिहिलंय, ‘सखू उर्फ शकुंतला’. आई म्हणाली, मला लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांनी लिहून ठेवलं. हा पुरावा चालेल का ताई?

तापीकाठची_लेक (चोपडा)
दादा, एवढ्यावर नाही भागणार, पण प्रतिज्ञापत्रासोबत त्याची झेरॉक्स नक्की जोडा. मूळ फोटो कुणाच्याही हातात देऊ नका. आणि नाशिकला एकटे जाऊ नका, आम्ही शेतस ना.